आठव्या महिन्यातल्या नद्या

मी विमान चालवतो, हे आमच्या आत्याला कधी काम वाटलंच नाही. एस. टी.चा ड्रायव्हर झालो असतो तर तिनं गावभर साखर वाटली असती. एस. टी. गावात येते, थांबते, ओळखीच्या माणसाला जागा देते. विमान वरनं घुंई करत जातं अन् कुणाच्या कामाला येत नाही. हे ती माझ्या तोंडावर म्हणायची, आणि मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. त्यामुळं दर भेटीत आमचं एकदा तरी वाजायचंच.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, ऑफिसांत खुर्च्या यायच्या होत्या, आणि पाऊस काही तोंड दाखवायला तयार नव्हता. सरकारनं ठरवलं की दुष्काळ वरून बघायचा. खालून बघितला तर लोक भेटतात, रिकामे हंडे दाखवतात, साहेबाच्या मोटारीला आडवे होतात. वरून तसली कटकट नाही. मग माझ्या कंपनीचं एका पंख्याचं, चार माणसांचं विमान भाड्यानं घेतलं. लातूरबाहेरच्या माळावर दुष्काळी कामाच्या मजुरांनी दगड वेचून एक धावपट्टी सपाट केली. आणि मी, अमृतराव, जन्मानं चाकूरकडचा माणूस, आपल्याच गावांवरून साहेब लोकांना फिरवायला लागलो. ते थर्मासमधला चहा पीत खाली बघायचे आणि म्हणायचे, परिस्थिती गंभीर आहे. मी मनात म्हणायचो, बरं झालं सांगितलंत, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.

आठवड्यातून एकदा विमान नांदेडला न्यावं लागायचं. तिथं तेल भरायचं आणि येताना तिथले साहेब आणायचे. जाताना विमान रिकामंच जायचं. ती रिकामी फेरी माझ्या गळ्यात कशी पडली, ते सांगतो.

आत्याचं नाव केवळाबाई. चाकूरजवळच्या खेड्यात तिचं घर, थोडीशी जमीन, आणि एकुलता एक लेक व्यंकटी. व्यंकटी माझ्याहून थोडा मोठा, म्हणून त्याची बायको सिंधू ही माझी वहिनी. वहिनी पहिलटकरीण होती. तिचं माहेर इस्लापूरचं, पार किनवटच्या अंगाला, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ. तिथल्या विहिरींना उन्हाळ्यातसुद्धा पाणी. आणि आमच्या गावात टँकर यायचा तो मर्जी झाली तर. आला की बायका अशा तुटून पडायच्या की निम्मं पाणी मातीत. जिथं प्यायला पुरत नाही तिथं बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार, बाळाची लंगोटी धुणार कशात? वहिनीचं मागणं एवढंच होतं की बाळ पाण्याच्या ठिकाणी जन्मावं. त्यात वावगं काही नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच आहे.

सातव्या महिन्यात न्यायचं ठरलं होतं. पण तिचे वडील किशनराव तापानं आडवे पडले. ते बरे होऊन न्यायला येईपर्यंत सातवा सरला, आठवा लागला, आणि आत्या उंबऱ्यात उभी राहिली. आठव्या महिन्यात गर्भार बाईनं नदी ओलांडायची नसते, असं तिचं म्हणणं. पुढं नववा लागला की घर सोडायचं नाही. म्हणजे पोरगी अडकलीच. इस्लापूरला जायचं तर मधे मन्याड आडवी, पुढं गोदावरी आडवी. किशनराव बिचारे चहा पिऊन, टोपी सारखी करून, एकटेच परत गेले. व्यंकटी आईपुढं तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. तो म्हशीकडं बघत बसला.

वहिनी बोलायला कमी, पण बोलली की नेमकं. ती म्हणाली, मन्याड तर कोरडी ठणठणीत आहे, तिच्यात पोरं विटीदांडू खेळतात, मग ती नदी कशी? हा प्रश्न टँकरच्या रांगेत गेला आणि सगळ्या बायका भांडायला लागल्या. कुणी म्हणे, पाणी नाही तर नदी नाही. कुणी म्हणे, मग आमचा नवरा घरात नसला की आम्ही काय बिनलग्नाच्या? शेवटी प्रकरण वीरण्णाकडं गेलं. वीरण्णा गावचा वाणी. गुळाच्या ढेपेशेजारी पंचांग ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला मुहूर्त फुकट सांगायचा. त्यानं पंचांग उलटंसुलटं चाळलं, पण कोरड्या नदीबद्दल त्यात काही निघेना. तो काही बोलायच्या आत आत्यानंच निकाल देऊन टाकला की कोरडी बी नदीच असती. ते तिनं अशा आवाजात सांगितलं की वीरण्णानं पंचांग मिटलं आणि गूळ फोडायला घेतला.

नेमका त्या रविवारी मी जेवायला गेलो. मला काय माहीत घरात काय पेटलंय. पहिल्या भाकरीलाच वहिनीनं विचारलं की भाऊजी, तुमचं विमान नदीतून जातं का नदीवरून. मी म्हटलं, वरून, बरंच वरून. ती म्हणाली, मग ओलांडताना पाय तर लागत नाही. माझा घास तोंडातच राहिला. बाई कुठं निघाली आहे ते आता माझ्या ध्यानात आलं.

पुन्हा वीरण्णाला बोलावणं गेलं. या खेपेला तो खूश होता, कारण त्याला दाखला सापडला होता. तो म्हणाला, विमानाला दोष नाही. सीतामाई लंकेहून पुष्पक विमानातून आली, अख्खा समुद्र ओलांडून आली, तिला कुणी काही म्हणालं नाही.

आत्या म्हणाली, "अन् पुढं तिचं काय झालं ते बी सांग की."

वीरण्णा चपला शोधायला लागला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली की ठीक आहे, मी इथंच राहते, बाळाला न्हाऊ घालायला पाणी कुठनं आणायचं तेवढं कुणीतरी सांगा. आत्यानं भांडी आवरली, चूल सारवली, म्हशीला दोन शिव्या दिल्या, आणि मग बाहेर येऊन अटी सांगितल्या. ती स्वतः सोबत येणार. आणि खालनं जी नदी जाईल तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, म्हणून प्रत्येक नदीवर विमान जरा थांबवायचं.

मी म्हटलं, आत्या, विमान थांबत नसतं.

"एस. टी. थांबती की," ती म्हणाली.

मला काय कंपनी आपल्या नातेवाइकांना फिरवायला पगार देत होती? वर आठव्या महिन्यातली बाई. हवेत काही झालं तर मी काय करणार, मला सुईणीचं काम थोडंच येतं! जिम्मेदारी नको म्हणून मी एक युक्ती केली. लातूरच्या एका लेडी डॉक्टरकडं गेलो. म्हटलं, ही बाई शिकलेली आहे, ती नाहीच म्हणेल, आणि मी सुटेन. तिनं वहिनीला बोलावून तपासलं, मला एस. टी.नं किती वेळ लागतो विचारलं. मी सांगितलं, दोनदा गाडी बदलून अख्खा दिवस, आणि रस्ता असा की धट्टाकट्टा माणूस खिळखिळा होतो. ती म्हणाली, मग विमानानंच न्या, फार उंच जाऊ नका, पट्टा पोटाच्या खालून बांधा. एवढं शिकून बाईनं हे सांगावं! मी कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी सकाळी तिघं धावपट्टीवर आली. व्यंकटी सामान घेऊन होता. मी वजन विचारलं. विमानात कोण किती किलोचं ते बघून बसवावं लागतं. आत्याला ते लागलं. ती म्हणाली, मला काय बाजारात विकायला आणलीस? मग मीच अंदाज केला आणि ज्वारीचं पोतं खाली ठेवायला लावलं. व्याह्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, असं तिचं म्हणणं. हातात कापडी पिशवी तेवढी राहिली. तिच्यात काय आहे हे मी तपासायला पाहिजे होतं.

वहिनीला मागं बसवलं, पट्टा डॉक्टरनं सांगितला तसा बांधला. आत्या माझ्या शेजारी पुढं बसली, रस्ता दिसावा म्हणून. तिच्यापुढंही माझ्यासारखंच एक चाक होतं. मी माझं फिरवलं की तिचंही फिरायचं. कुणी हात न लावता चाक फिरतंय हे बघून तिनं त्याला हात जोडले, ते बराच वेळ जोडलेलेच. म्हटलं, चला, हात गुंतले, बरं झालं.

विमान उठलं. मी मागं वळून बघितलं, वाटलं वहिनी घाबरली असेल. कसली घाबरते! कपाळ काचेला लावून हसत होती आणि एक हात पोटावर ठेवून खालचं सगळं बाळाला सांगत होती. हे आपलं शेत, हा वाण्याच्या गुरांचा वाडगा, हा टँकर बघ, रिकामाच चाललाय.

खाली मात्र बघवत नव्हतं. झाडं होती ती काड्यांसारखी, विहिरी म्हणजे काळी छिद्रं. मी रोज बघायचो, पण साहेब लोकांबरोबर बघणं वेगळं आणि घरच्या माणसांबरोबर वेगळं. आत्याचा जोर थोडा कमी झाला. तिनं विचारलं, मन्याड कुठं आहे. मी म्हटलं, येईल. तेवढ्यात तिला खाली एक पांढरा वळणावळणाचा पट्टा दिसला. मी सांगायच्या आत तिनं डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटायला लागली. मी म्हटलं, आत्या, तो रस्ता आहे, त्यावर बैलगाडी चाललीये. ती म्हणाली, तू उगीच घाई करायलास. रस्त्याला तिनं पुरता मान दिला, मग डोळे उघडले.

खरी मन्याड आली तेव्हा मीच दाखवली. नुसती वाळू. रस्ता आणि ती, दोन्हींत फरक कळण्यासारखं काही नव्हतं. आत्या बराच वेळ खाली बघत राहिली. मग तिनं पिशवीतून हळदकुंकवाचा डबा काढला, आणि मला समजेपर्यंत खिडकीची कडी फिरवली.

वेगातल्या विमानाची खिडकी उघडून ज्यानं हळद टाकली नसेल त्याला मी काय सांगू! पहिली चिमूट बाहेर गेलीच नाही. डब्यात होतं नव्हतं तेवढं सगळं उलटं आत आलं. काच पिवळी, घड्याळं पिवळी, माझे डोळे, माझी मिशी, माझा पांढरा शर्ट, सगळं पिवळं, वर लाल शिंपण. मला काही दिसेना. मी एका हातानं चाक धरलं, दुसऱ्यानं डोळे पुसत होतो, आणि तोंडानं जे बोललो ते आत्यासमोर जन्मात बोललो नव्हतो. ती ओरडली की शिव्या का द्यायलास, नदी ऐकते. तेवढ्यात वहिनीनं मागून पदर पुढं करून माझ्यासमोरची काच पुसली आणि शांतपणे सांगितलं की भाऊजी, समोर मोकळंच आहे, जाऊ द्या.

गोदावरीवर आत्याला मी खिडकीला हात लावू दिला नाही. तिथं डोहात थोडं पाणी होतं, उन्हात चकाकत होतं. आत्यानं आतूनच नमस्कार केला, वहिनीनंही केला. पलीकडं नांदेडचं मैदान दिसलं आणि मी विमान असं हळू टेकवलं की साहेब लोकांसाठी कधी टेकवलं नव्हतं. दोन्ही नद्या मागं पडल्या होत्या. मला वाटलं, सुटलो.

मैदानावर लातूरला न्यायचे साहेब वेळेआधीच येऊन थांबले होते. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, माळेगावच्या जत्रेत भंडारा खेळून आलात का? मी म्हटलं, तेल भरायचंय, जरा वेळ लागेल. किशनराव भाड्याची जीप घेऊन आले होते. लेकीला बघून त्यांचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, पोरीला वाटेला लावून मी माघारी फिरते, मला एस. टी.त बसवून दे. म्हणून मीही जीपमध्ये बसलो. भोकरच्या रस्त्याला गाडी लागली. ड्रायव्हर बोलका होता. तो म्हणाला, बस, एकदा आसना ओलांडली की रस्ता सरळ आहे.

आत्यानं विचारलं, आसना काय आहे.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. खरं सांगायचं तर आसना कुणाच्या ध्यानातच नव्हती. आम्ही चाकूरची माणसं, आम्हाला मन्याड माहीत, गोदावरी माहीत. विमान आसनेच्या अलीकडंच उतरतं, हे मला तरी ध्यानात यायला पाहिजे होतं. ड्रायव्हरनं भाबडेपणानं सांगून टाकलं, नदी आहे, तो काय पूल.

आत्यानं त्याचा खांदा धरला आणि पुलाच्या अलीकडं गाडी थांबवली. खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. वहिनीलाही उतरायला लावलं. मला म्हणाली, आण तुझं इमान, अन् त्या अंगाला नेऊन सोड. मी म्हटलं, त्या अंगाला उतरायला जागा नाही, बाभळी आहेत. ती म्हणाली, मग तोड. किशनरावांनी हात जोडले. मी संतापलो. म्हटलं, मागं साहेब उन्हात उभे आहेत, माझी नोकरी जाईल, ही पोरगी अवघडलेली रस्त्यात उभी आहे, आणि तुला या नाल्याचं पडलंय? बघ की खाली. घोटाभर पाणी नाही. हिला नदी कोण म्हणतो?

आत्या खाली बघत होती. तिचा आवाज एकदम लहान झाला.

"ती बी अशीच कोरडी होती," ती म्हणाली. "मन्याड. नुसती वाळू. मी म्हणलं, हिच्यात काय हाय. आठवा होता मला. माझा पहिला तिथंच गेला."

आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. व्यंकटीच्या आधी कुणी होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझ्या तोंडावरची हळद घामानं ओघळत होती.

वहिनी हळूच तिच्यापाशी खाली बसली. तिला बसवत नव्हतं तरी बसली.

"आत्याबाई, तुम्ही कुठं निघाला होता तवा?"

"कुठं म्हंजी? पल्याड झरा होता. गावची हीर आटलेली. पाणी आणाया."

"एकदाच?"

"एकदा कशानं भागतंय? दिवसभर खेपा. डोक्यावर दोन घागरी, कडंवर एक. घरात पाच गडी होते, पर पाणी बाईनंच आणायचं. पाय भाजायचे वाळूत."

वहिनीनं तिचा हात आपल्या हातात घेतला.

"मग नदीनं न्हाई नेलं त्याला, आत्याबाई," ती म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. ती रडली नाही. मीच रडलो, खोटं कशाला बोलू. किशनराव टोपी काढून डोकं पुसत राहिले, ड्रायव्हर उगाच टायर तपासायला लागला. बऱ्याच वेळानं आत्या उठली, तिनं वहिनीला उठवलं, पदरानं तिच्या पायाची धूळ झटकली. मग पुढच्या सीटवर न बसता मागं तिच्या शेजारी बसली.

"चल," ड्रायव्हरला म्हणाली. "खड्ड्यातनं हळू घे."

मी अलीकडंच उभा राहिलो. मला मैदानावर परत जायचं होतं. जीप पुलावर गेली आणि मधोमध थांबली. म्हटलं, काहीतरी झालं. मी पळत गेलो. आत्यानं बाहेर डोकं काढलं होतं.

"मी पोरीपाशी राहते, बारसं होस्तर," ती म्हणाली. "व्यंकटीला सांग, तवर पाणी त्यानं भरायचं." मग तिनं जरा विचार केला. "अन् आमी आल्यावर बी त्यानंच."

मी हो म्हणालो, आणि जीप आसना ओलांडून गेली.